इन्स्पेक्टरची सही होईपर्यंत

2009 चा उन्हाळा मी न्यू ऑर्लीन्समध्ये काढला, पडकी घरं पुन्हा उभी करणाऱ्या एका संस्थेत. माझं काम म्हणजे येणाऱ्या स्वयंसेवकांना रोज कामाला जुंपणं. कतरीना वादळाला चार वर्षं होत आली होती. ऑगस्ट 2005 मध्ये इंडस्ट्रियल कॅनॉलची भिंत फुटली तेव्हा लोअर नाइन्थ वॉर्डातली कालव्यालगतची घरं पाण्याने उचलून नेली. तिथे अजून रानच माजलेलं होतं.

माणसांचा तुटवडा नव्हता. घोडं अडायचं कामाच्या क्रमावर. आधी वायरिंग, मग ते तपासणाऱ्या इन्स्पेक्टरची सही, मग इन्सुलेशन आणि त्यावर शीटरॉक, म्हणजे भिंत झाकणारे जिप्समचे बोर्ड. सहीआधी शीटरॉक ठोकलं तर सगळं उखडायची पाळी. आणि येणाऱ्या प्रत्येकाला हवं असायचं नेमकं शीटरॉक! चार बाय आठ फुटांची ती पांढरी शीट चढली की सांगाड्याची खोली होते, फोटोही झकास येतो.

एके दिवशी एका चर्चची तीसेक पोरं यायची होती. सेंट क्लॉड अव्हेन्यूचा पूल बोटीसाठी वर गेलेला, त्यांची बस पलीकडे अडकलेली, आणि तेवढ्यात मला फोन: इन्स्पेक्टर सकाळी येत नाहीत, "दिवसभरात कधीतरी" येतील. जुना रंग खरवडायला द्यावा तर घर 1978 च्या आधीचं, रंगात शिसं असणार. शाळकरी पोरांना त्याच्या आसपासही फिरकू देता येत नव्हतं. गटप्रमुख वैतागले. पदरचे पैसे घालून, रात्रभर बसमध्ये अवघडून आलेल्या माणसाने वैतागू नये तर काय करावं?

घरमालकीणबाई सत्तरीच्या. पोर्चवर खुर्ची टाकून आमची तारांबळ बघत होत्या. "बेबी, एवढे हात रिकामे आहेत, तर शेजारचं गवत काढा की," त्या मला म्हणाल्या. (त्यांच्या लेखी इन्स्पेक्टरसुद्धा बेबीच.)

गवत कमरेएवढं होतं, पण जागा दुसऱ्यांच्या. परवानगीशिवाय कसं शिरणार? बाईंनी पर्समधून एक वही काढली आणि फोन लावायला सुरुवात केली. एक शेजारी ह्यूस्टनला, एक अटलांटाला. ख्यालीखुशाली, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, नातवंडं, आणि शेवटी गवत. तासाभरात तीन प्लॉटांचे होकार.

पोरांनी लाल मुंग्यांच्या धास्तीने पँटचे पाय मोज्यांत खोचले. खरी भीती पायऱ्यांची होती. घरं वाहून गेली तरी दारापुढच्या काँक्रीटच्या पायऱ्या जागच्या जागी उरल्या होत्या, गवतात बुडून. मशीनचं पातं आपटलं की संपलंच. बाई पोर्चवरून ओरडून सांगत होत्या: "डावीकडे! तिथे तीन पायऱ्या आहेत. त्याच्या मागे पंप होता, जपून!" एकदाही चुकल्या नाहीत. दुपारी नेहमीसारखा धो धो पाऊस आला, तोवर दोन प्लॉट मोकळे झाले होते.

बस गेली आणि इन्स्पेक्टर उगवले. सगळं मिळून दहा मिनिटं, सही, चालते झाले. शीटरॉक आयतं मिळालं दुसऱ्या दिवशीच्या निवृत्त मंडळींना.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंनी फोन माझ्या हातात दिला. पलीकडे ह्यूस्टनचेच, पण वेगळेच गृहस्थ, चांगलेच तापलेले: शेजाऱ्याचं गवत काढलंत, मग माझंच काय घोडं मारलंय? मी त्यांचा प्लॉट शुक्रवारच्या यादीत टाकला आणि पायऱ्या कुठे आहेत ते आधी बाईंना विचारून घेतलं.