झाकणाखालचा थर्मोकोल

सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस ओसरू लागला की कोलाड परिसरातील शिबिरांमध्ये होड्या बाहेर काढण्याची लगबग सुरू होते. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी कुंडलिकेतून वाहत येते. वरच्या अंगाला त्यावर राफ्टिंग चालते आणि खाली डोलवहाळच्या बंधाऱ्यामागे पाणी संथ होते, तेथे आम्ही मुलांना वल्ही मारायला शिकवतो. या होड्यांची डागडुजी हे माझे काम आहे.

त्या वर्षी छपराखालून निघालेली १५ फुटी हिरवी कनू, म्हणजे वल्ह्यांनी चालवायची दोन्ही टोकांना निमुळती होडी, बरीच जुनी होती. पॉलिथिलीनची, एकाच थराची, दोन माणसांना उचलता येईल अशी. मालक म्हणाले, "आतून धुऊन घ्या आणि एक हात रंग मारा, शनिवारी शाळेची मुलं येणार आहेत." मी त्यांना सांगितले की रंग या प्लास्टिकला धरत नाही, नुसता फासला तर पहिल्याच उन्हाळ्यात पापुद्रे सुटतात आणि मुलांच्या गुडघ्यांना चिकटतात. धुण्याबद्दल मात्र दुमत नव्हते, कारण आत तळाला वाळलेला गाळ होता, कुजलेली पाने होती आणि उंदरांच्या लेंड्या होत्या.

त्या लेंड्या पाहून मी मदतीला आलेल्या मुलाला थांबवले. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण सापडतात आणि तो आजार उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या ओल्या जागेतून, हातापायांवरच्या लहानशा जखमेवाटेही शरीरात शिरतो. म्हणून आम्ही रबरी हातमोजे आणि गमबूट चढवले, कोरडे झाडणे टाळले, ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून काही वेळ थांबलो आणि मगच साबणाच्या पाण्याने, नारळाच्या काथ्याने तळ घासला. तार-घासणी मी वापरू देत नाही. तिचे ओरखडे राहतात आणि पुढच्या वर्षीचा गाळ त्यांतच रुतून बसतो.

गुडघे टेकण्यासाठी कोणीतरी पूर्वी चिकटवलेल्या फोमच्या गाद्या सडून गेल्या होत्या आणि त्यांखालचा डिंक काळ्या खरजेसारखा उरला होता. हॉट एअर गन एका जागी धरली तर हे प्लास्टिक मेणासारखे मऊ पडून तळाला खळगा येतो, म्हणून मी ती सतत फिरवत ठेवली आणि डावा हात बाहेरच्या बाजूने तळाला लावून ठेवला. हाताला चटका जाणवू लागला की गन दूर. तुटक्या बादलीचा तुकडा तासून केलेल्या उलथण्याने डिंक वळकट्यांनी निघत गेला, उरलेला स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. या एका कामात दुपार झाली.

मग राहिली दोन्ही टोकांवरची त्रिकोणी झाकणे. ती पॉप रिव्हेटने, म्हणजे ठोकून कायमच्या बसणाऱ्या धातूच्या खिळ्यांनी, बसवलेली होती आणि खरे तर ती उघडायला मला कोणी सांगितले नव्हते. पण आमचे काका रेवदंड्याला, म्हणजे याच नदीच्या मुखाशी, लाकडी होड्या दुरुस्त करत. ते हंगामाआधी पुढच्या फळीखाली उताणे सरकत आणि एका हातात दिवा धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने एकेक फळी दाबून पाहत. ते आठवले आणि मी ड्रिलने रिव्हेट उडवले.

पुढच्या झाकणाखाली थर्मोकोलचा ठोकळा असायला हवा होता. तेथे उंदरांचे घरटे होते. चिंध्या, सुतळी, भाताचा पेंढा आणि कुरतडलेल्या थर्मोकोलचे साबुदाण्यासारखे पांढरे दाणे. ठोकळ्यातला जेमतेम मूठभर तुकडा कोपऱ्यात उरलेला. मागचा ठोकळा शाबूत होता, पण बंध सुटून सैल झालेला.

मी तेथेच बसून राहिलो. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा किंचितच हलके असते. होडीत पाणी भरले की ३८ किलो प्लास्टिक स्वतःचे वजन पेलून जास्तीत जास्त २-३ किलो उचल देते आणि तेवढी तर बाकांच्या बोल्टांत व लोखंडी पट्ट्यांतच संपते. उलटलेल्या होडीला धरून राहा, असे आम्ही प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी शिकवतो. त्या होडीला तरंगत ठेवणारी वस्तू ही झाकणाखालची होती, आणि आधीच्या हंगामात मुले याच कनूत बसली होती.

मालकांना समजावण्यापेक्षा दाखवणे बरे, म्हणून संध्याकाळी होडी झाकणासकट कमरेइतक्या पाण्यात नेऊन काठोकाठ भरली. पुढचे टोक हळूहळू खाली गेले आणि नाहीसे झाले. मालक काठावर उभे होते. ते म्हणाले, "शनिवारी ही काढू नका."

पुढचे तीन दिवस घाई नव्हती. पाणी न शोषणाऱ्या बंद पेशींच्या फोमचे, प्रत्येकी साधारण ३० लिटरचे दोन ठोकळे टोकांच्या आकारात कापले. १ लिटर म्हणजे जवळपास १ किलोची उचल, या हिशेबाने. ते नायलॉनच्या पट्ट्यांनी आवळले. बाकाजवळ तळाला एक चीर होती, तिच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडून ती पुढे जाणे थांबवले आणि झाकणाखालच्या अनावश्यक कडेची पट्टी कापून तिचाच भराव वितळवून घातला, कारण त्याच प्लास्टिकशी ते प्लास्टिक एकजीव होते. बाकांना नवी निवार विणली, गंजलेले स्क्रू काढून स्टेनलेस स्टीलचे बसवले.

शुक्रवारी पुन्हा कनू पाण्याने भरली. काठ पाण्याच्या पातळीला टेकले, दोन्ही टोके मात्र वर राहिली. मी आणि तो मुलगा दोघे बाजूला लोंबकळलो तरी ती राहिली.

झाकणे या वेळी रिव्हेटने बंद केली नाहीत. प्रत्येकी चार स्क्रू आहेत, पेचकस लावला की दोन मिनिटांत उघडतात, आणि आतल्या फोमवर मार्करने उघडल्याची तारीख लिहिली आहे. आमच्याकडच्या उरलेल्या पाच होड्यांची झाकणे त्याच महिन्यात उघडली. एकीत गांधीलमाश्यांचे जुने पोळे निघाले. ठोकळे सगळे जागेवर होते.