मापाला धरून: बडोद्यात जुनी इम्प्रेझा टर्बो सांभाळताना

सुबारू इम्प्रेझा टर्बो या जपानी मोटारीचे नाव निघाले की जाणकारांना आठवतो तो रॅलीचालक कॉलिन मॅक्रे. 1995 साली त्याने इम्प्रेझावर जागतिक रॅली अजिंक्यपद मिळवले, आणि त्या वर्षापासून सलग तीन वर्षे उत्पादकांचे अजिंक्यपदही सुबारूकडेच राहिले. मात्र अशी गाडी दारात उभी असली की रोजचा संबंध येतो तो ऑइल, रबर आणि टायर यांच्याशी. माझ्याकडची गाडी इंग्लंडहून कायमच्या परतलेल्या एका बडोदेकर कुटुंबाने सोबत आणलेली होती. ती सांभाळताना माझे एक मत पक्के झाले आहे. या गाडीला वेग मानवतो, योग्य निगा राखली तर आपला उन्हाळाही ती सोसते, पण मापातला ढिलेपणा तिला सोसवत नाही.

सुरुवात टायरपासून करतो, कारण चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचे मोठे नुकसान पंक्चरवाल्याच्या दुकानातही सुरू होऊ शकते. पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शियलला एक व्हिस्कस कपलिंग जोडलेले असते. त्यात सिलिकॉनचा दाट द्रव आणि एकाआड एक बसवलेल्या चकत्या असतात. दोन्हीकडची चाके सारख्या गतीने फिरत असली की ते निवांत असते. गतीत फरक पडला की द्रव ढवळून तापतो आणि चकत्या एकमेकींना ओढून धरू लागतात. आता 205/50 मापाच्या 16 इंची टायरचा परीघ सुमारे 1,920 मिलिमीटर भरतो, म्हणजे किलोमीटरला साधारण 520 फेरे. मागचे दोन टायर नवे आणि पुढचे दोन 3 मिलिमीटरने झिजलेले असले, तर व्यासात 6 आणि परिघात जवळजवळ 19 मिलिमीटरचा फरक पडतो. ही दर किलोमीटरला पाच फेऱ्यांची तफावत झाली, तीही अगदी सरळ रस्त्यावर. अहमदाबादला जाऊन येईपर्यंत हा आकडा हजारावर जातो, आणि तितका सगळा वेळ ते कपलिंग विनाकारण तापत राहते. म्हणून मी टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि चारही एकदमच घेतो, शिवाय पाचवा तसाच राखून ठेवतो. हवा सारखी भरून, चाक जमिनीपासून उचलून, शिंप्याची टेप टायरच्या मध्यरेषेवरून फिरवली की परीघ मिळतो. तो आकडा मी वहीत चाकाच्या नावाने लिहितो. कपलिंग आधीच बिघडले आहे का, हे पाहायचे असेल तर गाडी चांगली तापल्यावर सपाट मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये सावकाश वर्तुळ घ्यावे. गाडी अडखळत, टायर फरफटत फिरू लागली तर चकत्या आवळल्या गेल्या आहेत असे समजावे. तशी गाडी चालवत राहिल्यास गिअरबॉक्सही हातचा जातो.

इंजिनात माझे सर्वाधिक लक्ष ऑइलवर असते. 1,994 सीसीच्या या इंजिनात चार सिलिंडर दोन-दोन करून समोरासमोर आडवे पहुडलेले आहेत, त्यामुळे वर चढलेले ऑइल तळाशी उतरायला वेळ घेते. डिपस्टिक सकाळी, गाडी थंड आणि सपाट जागी असतानाच पाहावी, आणि पट्टीच्या दोन बाजूंना वेगवेगळी रेघ दिसली तर खालची खरी मानावी. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडची, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यांची बेअरिंगे ऑइलची उपासमार मुळीच सहन करत नाहीत. प्रत्येक ऑइल बदलताना जुना फिल्टर मी फेकत नाही. त्याचा पत्रा कापून आतला चुणीदार कागद बाहेर काढतो, तो शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून दाबून घेतो आणि गच्चीवर उन्हात पांढऱ्या कापडावर उलगडतो. साधी काजळी बोटाने पुसली जाते. कागद तिरपा धरला असता चुण्यांच्या तळाशी बारीक चकाकी दिसली, तर प्रथम लोहचुंबक फिरवतो. चुंबकाला चिकटले ते पोलाद; न चिकटता चमकत राहिले तर बेअरिंग झिजू लागल्याचा संशय घ्यावा लागतो. इंजिनातून खटखट ऐकू येण्याच्या बऱ्याच आधी हा कागद बोलू लागतो.

टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा; त्याची तपासणी हातानेच होते. त्याचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो, म्हणून आडव्या दिशेला किंचित हालचाल जाणवणे स्वाभाविक आहे. पण दांडा पुढे-मागे सरकू लागला, किंवा पाती बाहेरच्या कवचाला घासल्याची खूण दिसली, तर दुरुस्ती लांबणीवर टाकू नये. टायमिंग बेल्टच्या, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणाऱ्या पट्ट्याच्या बाबतीत किलोमीटरइतकीच वर्षेही मोजावीत, कारण बेल्ट तुटल्यास या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्टबरोबर तो ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वाट देणारी आयडलर चाके आणि पाण्याचा पंपही बदलून घेणे शहाणपणाचे आहे.

हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण हा नाजूक विषय आहे. इंजिनात शिरणारी हवा टर्बोच्या आधीच एका सेन्सरने मोजली जाते. त्याची तार मळली आणि हवा प्रत्यक्षाहून कमी दिसू लागली, तर संगणक पेट्रोलही कमी सोडतो. भर बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो पूर्ण दाबाने हवा कोंबत असताना, तसे मिश्रण पिस्टनचा घात करते. उलट टर्बोनंतरचा एखादा रबरी पाइप चिरला, तर मोजलेली हवा वाटेतच निसटते, पेट्रोल जास्त पडते आणि मागून काळा धूर येतो. पाइपांत हलक्या दाबाने हवा भरून वरून साबणाचे पाणी लावले की चीर सापडते. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने यात आणखी भर घातली आहे. इथेनॉलने ऑक्टेन, म्हणजे अवेळी पेट न घेण्याची इंधनाची क्षमता, वाढते, ही चांगली बाजू. पण शुद्ध पेट्रोलला वजनी 14.7 पट हवा लागते, तर या मिश्रणाला साधारण 13.5 पटच पुरते. हलक्या पायाने चालवताना ऑक्सिजन सेन्सर हा फरक सावरून घेतो. पूर्ण थ्रॉटलवर मात्र संगणक सेन्सरकडे न पाहता जुन्या आराखड्यानेच पेट्रोल सोडतो, आणि मिश्रण नेमके नको तेव्हा पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. ज्या शहराच्या वेशीवर 1965 पासून कोयलीची रिफायनरी चालते, तेथील मोटारप्रेमींनी तरी याचा बारकाईने विचार करायला हवा. जुने रबरी पेट्रोल पाइप बदलताना इथेनॉल सोसणारेच घ्यावेत. देखणे रंगीत सिलिकॉनचे पाइप हवा-पाण्याला उत्तम, पेट्रोलला अजिबात नकोत.

काही भाग येथेच करून घेता येतात. गिअर लिव्हरच्या जोडकाठीतील बुश, म्हणजे पिनेभोवतीची छोटी नळी, घेऊन मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका वयस्क टर्नरकाकांकडे गेलो, तेव्हा त्यांनी तो हातात फिरवून परत दिला आणि म्हणाले, "भाई, नमूनो नहीं, माप लावो." त्यांचे म्हणणे रास्त होते, कारण झिजलेल्या नमुन्यावरून झिजलेलाच भाग तयार होतो. मग जोडकाठीच्या भोकाचा न झिजलेला काठ आणि पिनेचा कोरा भाग त्यांनी स्वतः मायक्रोमीटरने मोजला, मापे खडूने लेथच्या पत्र्यावर लिहिली आणि त्यावरून नवा बुश काढून दिला. बेअरिंग, सील आणि गॅस्केट यांत मात्र मी स्थानिक पर्याय शोधत नाही. भाग क्रमांक जुळवून ते बाहेरूनच मागवतो.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरभर शिरले, तेव्हापासून मागच्या डिफरन्शियलच्या श्वासनळीकडे, म्हणजे त्यातली हवा ये-जा करू देणाऱ्या नळीकडे, माझे विशेष लक्ष असते. तापलेले डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि नळीतून पाणी ओढले जाते. तसा संशय आल्यास भरण्याचा बोल्ट आधी सैल होतो याची खात्री करून मगच खालचा बोल्ट उघडावा. बाहेर आलेले ऑइल दुधाळ असेल तर नवे भरून थोडे चालवावे आणि ते स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा बदलावे. या इम्प्रेझात पुढचे डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स यांचे ऑइल एकच असल्यामुळे तीच तपासणी तेथेही करणे आवश्यक आहे.