क्यू-यू-ई आणि के

सोमवारी सकाळी पावणेअकराला मुलीचा फोन आला. जुलै २०२५, गोव्यात डिचोलीला पहाटेपासून धो धो पाऊस. "मॅडम, सीट मिळालीय, पण कॉलेजनं क्वेरी टाकलीय."

दिल्ली विद्यापीठाच्या पहिल्या फेरीत तिला अर्थशास्त्र ऑनर्सची जागा मिळाली होती, इतर मागासवर्गीय प्रवर्गातून. शनिवारीच तिनं ती 'अ‍ॅक्सेप्ट' केली होती. जागा मिळाली की काम झालं, असं पुष्कळ घरांत समजतात. तसं नसतं. मुदतीत 'अ‍ॅक्सेप्ट' केलं नाही तर जागा जाते. केल्यावर कॉलेज कागद तपासतं आणि शंका असेल तर पोर्टलवर क्वेरी टाकतं. तिला मुदतीत उत्तर द्यायचं. मग प्राचार्यांची मंजुरी येते आणि त्यानंतरच फी भरायची लिंक उघडते. फी भरली की प्रवेश. या साखळीला मिळून चार-पाच दिवस असतात, आणि पोर्टलवर काय आलंय ते पाहायचं काम आपलं असतं. मेसेज येईल या भरवशावर राहू नये. मी मुलांना सकाळी दहा, दुपारी दोन आणि रात्री नऊ अशा तीन वेळा डॅशबोर्ड उघडायला सांगते. तिनं दहाला उघडला म्हणून आमच्या हाती दिवस होता.

क्वेरी एका ओळीची होती. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं आडनाव वेगळं, जातीच्या दाखल्यावर वेगळं. स्पष्टीकरण द्या.

आडनाव नाईक. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि अर्जात एन-ए-आय-के. दाखल्यावर एन-ए-आय-क्यू-यू-ई. गोव्यात हे नवीन नाही. पोर्तुगीज काळातल्या नोंदींत आजोबांचं आडनाव त्या वळणानं लिहिलेलं. तेच वडिलांच्या जन्मनोंदीत उतरलं, तिथून त्यांच्या लग्नाच्या नोंदीत आणि पुढे मुलीच्या जन्मदाखल्यात. शाळेत नाव घालताना मात्र कुणी तरी सरळ इंग्रजी स्पेलिंग लिहिलं. जातीचा दाखला काढताना जन्मदाखला जोडला, म्हणून तिथं जुनं वळण आलं. कामत, गावकर, शिरोडकर, प्रत्येक आडनावाची अशी दोन-तीन रूपं आपल्याकडे घराघरांत आहेत. इथल्या कार्यालयांना त्याची सवय असते. दिल्लीतल्या कॉलेजात कागद तपासणाऱ्याला ही दोन वेगळी माणसं वाटली तर त्याची चूक नाही. अर्जात, गुणपत्रिकेत आणि दाखल्यात उमेदवाराचं नि आईवडिलांचं नाव जुळलं पाहिजे, असं विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं.

मला खटकलं ते वेगळंच. बाकीची तयारी या मुलीनं किती नीट केली होती! वाणिज्य शाखेला असताना गणित सोडलं नव्हतं. दिल्लीत अर्थशास्त्र ऑनर्सला सीयूईटीमध्ये, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेत, गणिताचा पेपर लागतोच, आणि बारावीत जे विषय घेतले त्यांचेच पेपर द्यायचे असतात. अकरावीत गणित सोडणाऱ्या वाणिज्यच्या मुलांना हे दीड वर्षानं कळतं, तेव्हा उपाय उरलेला नसतो. सीयूईटीत जास्तीत जास्त पाच पेपर देता येतात. तिनं इंग्रजी, गणित, अर्थशास्त्र, हिशेबशास्त्र आणि बिझनेस स्टडीज घेतले. एक भाषा, गणित आणि आणखी दोन विषय धरून २५० गुणांचे चार पेपर, म्हणजे १००० पैकी गुण. पाचवा पेपर हाताशी, एखादा वाईट गेला तर. भाषेच्या बाबतीत गोव्याच्या मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. २०२५ पासून सीयूईटीत भाषांचे पेपर १३ च उरले. त्यांत मराठी आहे, कोंकणी नाही.

दाखलाही तिनं बरोबर काढला होता. केंद्रीय विद्यापीठाला राज्याच्या नमुन्यातला दाखला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आपली जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि 'नॉन क्रीमी लेयर'चा दाखला त्या वर्षीच्या ३१ मार्चनंतरचा असावा लागतो. ही पायरी तिनं मे महिन्यातच ओलांडली होती. राहिलं ते एक अक्षर.

वडील खाजगी बसवर चालक. साडेअकरापर्यंत गाडी दुसऱ्याच्या हवाली करून ते मुलीला घेऊन आले, प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद. मी क्वेरी दाखवली. ते दोन्ही कागद बराच वेळ शेजारी शेजारी धरून बघत राहिले. "दोनूय आमीच मगो, मॅडम," एवढंच म्हणाले.

नोंद मुळातून दुरुस्त करायची तर नागरी निबंधकाकडे जावं लागतं. नाव किंवा आडनावच बदलायचं तर १९९० चा नाव व आडनाव बदलाचा कायदा लागू होतो. दोन्ही वाटा एका दिवसाच्या नव्हेत. त्या दिवसापुरतं हवं होतं ते वडिलांचं प्रतिज्ञापत्र, की दोन्ही स्पेलिंगांचा माणूस एकच. त्याच्या मागे पुरावा. दाखला नव्यानं काढायचा विचार मी सोडून दिला, कारण दाखला खोटा किंवा चुकीचा नव्हताच.

नोटरीकडे टंकलेखकानं मसुदा काढला तो नेहमीच्या साच्यातला. त्यात वाक्य होतं, 'मी माझं आडनाव बदलून असं असं केलं आहे.' हे वाक्य गेलं असतं तर पंचाईत होती. आडनाव बदललं म्हटलं की पुढचा प्रश्न, राजपत्र कुठे? मी तो कागद परत टाइप करायला लावला. मजकूर असा घेतला: माझं आडनाव अमुक दस्तऐवजात अशा स्पेलिंगनं आणि तमुक दस्तऐवजात तशा स्पेलिंगनं नोंदलेलं आहे, दोन्ही नावं माझीच आहेत, मी या मुलीचा पिता आहे. प्रत्येक दस्तऐवजाचा क्रमांक आणि तारीख घातली. दाखल्याचा क्रमांक टाइप करताना दोन आकडे उलटे पडले होते, ते मुलीनंच पकडलं. सही वडिलांची, मुलीची नव्हे, कारण वाद वडिलांच्या नावाचा. नोटरीचा शिक्का, सही आणि नोंदवहीतला क्रमांक हे तिन्ही आहेत ना, ते दुकानातून बाहेर पडण्याआधी पाहायचं.

पुराव्याला तीन कागद: मुलीचा जन्मदाखला, वडिलांचं आधार, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. शेवटचा सगळ्यांत उपयोगी पडला. त्यात आडनाव 'के'नं, पण जन्मतारीख आणि आईचं नाव जन्मनोंदीशी तंतोतंत जुळत होतं. एकच माणूस आहे हे अशा जुळणीतून दिसतं.

स्कॅनिंगला वीज नव्हती. मोबाइलवरच केलं. फ्लॅश बंद, कागद खिडकीपाशी सपाट, वरून सरळ. फ्लॅश मारला की उठावाचा शिक्का चमकतो आणि नेमका तोच वाचता येत नाही. चारही कागदांची एकच पीडीएफ, पहिलं पान प्रतिज्ञापत्राचं. उत्तराच्या चौकटीत इंग्रजीत तीन ओळी: काय फरक आहे, का आहे, सोबत काय जोडलंय. मुलीनं आधी अर्धं पान लिहिलं होतं, त्यात विनंती, घरची परिस्थिती, सगळं. ते मी काढायला सांगितलं. तपासणाऱ्यासमोर असे शेकडो अर्ज असतात, त्याला पान क्रमांक हवा असतो. तीन वाजून दहा मिनिटांनी उत्तर गेलं. पडद्याचा स्क्रीनशॉट घेतला.

संध्याकाळी सहाच्या सुमारास मंजुरी आली आणि फीची लिंक उघडली. तिथं दुसरी अडचण. वडिलांच्या डेबिट कार्डावर कधी ऑनलाइन व्यवहार झालाच नव्हता. अशी कार्डं २०२० पासून ऑनलाइन वापरासाठी बंद असतात, बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेतून चालू करावी लागतात. शाखा बंद झालेली. अ‍ॅप मुलीनं वडिलांच्या मोबाइलवर घालून कार्ड चालू केलं, तरी पैसे जायला सव्वाआठ वाजले. हे काम मे महिन्यात दहा मिनिटांचं होतं. पुढच्या वर्षीपासून माझ्या यादीत ते दाखल्यांच्या जोडीला असेल.

फी भरल्यावर 'फ्रीझ' (हीच जागा कायम) की 'अपग्रेड' (वरच्या पसंतीची वाट पाहायची) असं विचारलं जातं. 'अपग्रेड' घेतलं आणि वरची पसंती मिळाली तर आधीची जागा आपोआप सुटते, मागे फिरता येत नाही. तिला हवं होतं तेच कॉलेज मिळालं होतं. 'फ्रीझ'.

राहिलं इथलं. गोव्याचा बारावीचा निकाल त्या वर्षी मार्चअखेरीला लागला होता आणि सीयूईटीचा जुलैत, म्हणून मधल्या काळात तिनं जवळच्या कॉलेजात प्रवेश घेऊन ठेवला होता. तो घ्यायलाच हवा, नाहीतर सगळं वर्ष एका परीक्षेवर टांगलेलं राहतं. पण त्यासाठी मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला तिथं जमा होता. मंगळवारी सकाळी तो प्रवेश रद्द करून मूळ कागद परत घ्यायचे, बोर्डाच्या पर्वरीच्या कार्यालयातून स्थलांतर प्रमाणपत्र काढायचं आणि प्रत्येक कागदाच्या चार प्रती जवळ ठेवायच्या, हे मी तिला लिहून दिलं.

निघताना वडिलांनी पिशवीतून आणखी एक कागद काढला. धाकट्या मुलाचा जन्मदाखला, तोही 'क्यू-यू-ई'चा. मुलगा आठवीत. "ह्याचं काय करायचं?" मी त्यांना नागरी निबंधकाच्या कार्यालयाचा पत्ता दिला आणि दहावीचा अर्ज भरण्याआधी हे उरकायचं म्हणून तारीख कागदाच्या मागेच लिहिली.