मॉरिशसची निवडणूक आणि माझा चुकलेला मसुदा

निवृत्त झाल्यावर आता सांगायला हरकत नाही. २०१४ च्या मॉरिशसच्या निवडणुकीबद्दल दिल्लीसाठी मी लिहिलेला पहिला मसुदा सपशेल चुकला होता.

राजधानी पोर्ट लुईच्या आपल्या उच्चायोगात, म्हणजे दूतावासात, राजकीय घडामोडींचं काम माझ्याकडे होतं. तिथे संसद इंग्रजीत चालते, पेपर बहुतेक फ्रेंचमध्ये निघतात आणि माणसं बोलतात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली. मला पहिल्या दोनच येत होत्या. गोची तिथेच होती.

६ ऑक्टोबरला संसद विसर्जित झाली, मतदान १० डिसेंबरला ठरलं. तेव्हाचे पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम यांची लेबर पार्टी आणि पॉल बेरांजे यांचा एमएमएम हा पक्ष, हे जुने प्रतिस्पर्धी एकत्र आले होते. घटना बदलून राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा, त्याचे अधिकार वाढवायचे, ती खुर्ची रामगुलाम यांना आणि पंतप्रधानपद बेरांजे यांना, असा बेत होता. समोरच्या आघाडीचे नेते होते ८४ वर्षांचे माजी पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ. दोन मोठ्या पक्षांच्या मतांची मी बेरीज केली आणि 'विजय निश्चित' असं लिहून मोकळा झालो. वरिष्ठांनी 'निश्चित'वर पेन्सिलनं काट मारली. "कोणी सांगितलं?" एवढंच विचारलं. मी ज्यांची नावं घेतली, ते सगळे इंग्रजीत गप्पा मारणारे होते.

मग नियमांपासून पुन्हा सुरुवात केली. मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकातून तीन खासदार. मतदारानं बरोबर तीनच नावांपुढे फुल्या मारायच्या, कमी-जास्त झाल्या की मतपत्रिका बाद. रॉड्रिग्स या दुसऱ्या बेटाचे दोन धरून ६२. त्यावर 'बेस्ट लूझर', म्हणजे हरलेल्यांतून आठपर्यंत जागा, समाजांचा समतोल राखण्यासाठी. त्याकरता उमेदवारानं स्वतःचा समाज लिहून द्यायचा: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि उरलेले सगळे 'जनरल पॉप्युलेशन'. हिशेब अजून १९७२ च्या जनगणनेचा! त्या वर्षीपुरती मात्र समाज न लिहिण्याची मुभा कायदा करून दिली होती.

या यादीत मराठी, तमिळ, तेलुगू सगळे 'हिंदू'त. गावात मात्र मराठी म्हणजे मराठी. गणपतीत कास्कावेल गावाला गेलो होतो. आरती खणखणीत मराठीत, झाकरी या तिथल्या मराठी नाचाचा ठेकाही कोकणातल्या जाखडीची आठवण देणारा, आणि आरती संपताच सगळे क्रिओलमध्ये. आपली माणसं भेटली म्हणून मी हुरळलो. त्यांच्या लेखी मी दिल्लीच्या सरकारचा माणूस. एका काकांनी हळूच विचारलं, "दिल्लीला कोण हवंय?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं: जनता निवडेल तो. ते हसले. त्यांना पटलं असेल असं वाटत नाही.

नोव्हेंबरात पुन्हा गेलो, या वेळी ऐकायला. आमच्या कार्यालयातला एक स्थानिक सहकारी दुभाष्या म्हणून सोबत होता. राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. बोलणं एकच: जगन्नाथांच्या आघाडीनं म्हाताऱ्यांना कबूल केलेली महिना पाच हजार मॉरिशस रुपयांची पेन्शन. आणि दुसरं, जरा दबक्या आवाजात, की ही खुर्च्यांची वाटणी आम्हाला विचारून केली का?

दुसऱ्या मसुद्यात मी 'चुरस' असा शब्द वापरला. तोही बेताचाच ठरला. ११ डिसेंबरला मोजणी झाली: जगन्नाथांची आघाडी ४७, समोरचे १३. रामगुलाम त्यांच्या त्रिओलेच्या मतदारसंघातही पडले.

त्या संध्याकाळी फोन नंबरांची वही उघडली तर निम्मी नावं सत्तेबाहेर. १२ मार्चच्या राष्ट्रीय दिनाला आपले पंतप्रधान प्रमुख पाहुणे म्हणून येणार हे नंतर ठरलं, आणि नव्या मंत्र्यांशी ओळखी करून घ्यायला हातात जेमतेम तीन महिने होते. त्यातल्या कित्येकांना मी आधी एकदाही फोन केलेला नव्हता.