ओम्नीत बलेनोचं इंजिन: चेंबरनं खाल्लेला महिना

मागच्या वेळी इंजिन चेनकुप्पीला (वजन उचलायच्या साखळीच्या कप्पीला) लटकलेलं होतं. आता ते गाडीत बसलंय, सुरूही झालंय. मधला अख्खा महिना तेलाच्या चेंबरनं, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या तबकानं, खाल्ला.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: ओम्नीचं मूळ इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर. त्या जागी जुन्या सेडान बलेनोचं १५९० सीसी, सोळा व्हॉल्व्ह, कागदावर ९४ बीएचपी. बलेनोत ते आडवं असतं, ओम्नीत लांबीत बसवावं लागतं, म्हणून गिअरबॉक्स जिप्सीचा घेतला. जिप्सीत ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) गिअरबॉक्सपासून सुटा असतो. तो टाकून दिला आणि शाफ्ट गिअरबॉक्सपासून थेट मागच्या चाकांच्या हाउसिंगला जोडला. वाळूजच्या एका टर्नरनं शाफ्ट कापून बॅलन्स करून दिला. फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते पाये) दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं.

खरी बोंब उंचीची. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली कलतं असतं. बलेनोचं सरळ उभं ठेवलं तर सीट इतकी वर जाते की डोकं छताला टेकतं. मग कलवलं. कार्बोरेटर असता तर फ्लोटचीही कटकट झाली असती, एमपीएफआयमुळे, म्हणजे पेट्रोल इंजेक्टरनं मारलं जात असल्यामुळे, तेवढं वाचलं. पण तेल? आमचे मिस्त्री चाचा म्हणाले, "आधी टेबलावर बघू, मग हात काळे करू." रिकामा चेंबर तेवढाच कलवून खाली विटेचा तुकडा लावला आणि त्यात साडेतीन लिटर जळकं तेल ओतलं. सगळं तेल एका कोपऱ्यात, आणि पंप जिथून तेल ओढतो त्या जाळीचं तोंड बोटभर वर, कोरडं! असंच चालवलं असतं तर बेअरिंग पहिल्याच दिवशी गेलं असतं.

चेंबर कापून खोलगट बाजू फिरवली, जाळीचा पाइपही वाकवून घेतला. वेल्डिंग दिसायला झकास होतं. तरी चाचांनी बाहेरून खडूची पूड फासली आणि आत रॉकेल भरून ठेवलं. सकाळी पांढऱ्या पुडीवर तीन काळपट ठिपके. तिन्ही ठिकाणी परत वेल्डिंग.

फोर्डच्या १९७१ च्या सुपरव्हॅनचे फोटो पाहून हे वेड लागलं, हे कबूल. पण तिच्या ट्रान्झिट व्हॅनच्या टपाखाली जीटी४० या रेसगाडीचा सांगाडा आणि व्ही८ होतं. म्हणजे रेसच्या गाडीलाच व्हॅनचा सदरा. रेनॉनं एस्पास या फॅमिली व्हॅनमध्ये फॉर्म्युला वनचं व्ही१० टाकलं, तीही तीच गत. आपल्या गाडीचे पाटे, दारं, सांगाडा सगळं ओम्नीचंच आहे. माझ्या मते जास्त मजा यातच, आणि जास्त भीतीही.

भीतीवरून आठवलं: ही गाडी रस्त्यावर येणार नाही. कंपनीनं दिलेल्या गाडीत असे बदल करू नयेत असं सांगणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आहे. "आरटीओत काय दिलं?" असं विचारू नका. गंगापूरजवळ आमचं पडीक रान आहे, तेवढ्यातच फिरते.

रविवारी तिथंच पहिली फेरी मारली. दुसऱ्या गिअरमध्येच मागची चाकं ढेकळं उडवायला लागली. वडील बांधावर उभे होते. म्हणाले, "नांगरायचं राहिलंच होतं तसं."

पण डावीकडं जोरात वळवलं की ऑइल प्रेशरचा काटा झपकन खाली येतो. तेल परत जाळीपासून पळतंय. चेंबरमध्ये आडवी पट्टी टाकावी लागणार, म्हणजे पुन्हा सगळं खाली उतरवायचं. ब्रेकचं काम त्यानंतर. तोवर तिसरा गिअर बंद.