६६४ ब्लॉक्स फ्री

नोंदवहीत त्या फ्लॉपीच्या इमेजसमोर, म्हणजे बाइट-न्-बाइट नकलेसमोर, एकच शब्द होता : 'रिकामी'.

शेरा आमच्या तरुण सहकाऱ्याच्या स्क्रिप्टने मारलेला, आणि स्क्रिप्टला दोष तरी काय देणार? कमोडोर ६४ या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकाची सव्वापाच इंची फ्लॉपी, इमेज बरोब्बर १,७४,८४८ बाइटची, यादी काढली तर एकही फाइल नाही आणि खाली '६६४ ब्लॉक्स फ्री'. कमोडोरच्या १५४१ या फ्लॉपी ड्राइव्हच्या कोऱ्या डिस्कवर नेमकं हेच दिसतं. शून्य फाइली दिसल्या की स्क्रिप्ट शेरा मारते आणि पुढच्या इमेजकडे वळते. आमच्याकडे संध्याकाळी एवढंच विचारतात की आज किती झाल्या, आणि रिकामी डिस्क सगळ्यात लवकर 'होते'. पोरगा हुशार आहे. फक्त यादी म्हणजेच डिस्क असं त्याला वाटतं.

मी ती इमेज परत उघडली ती लेबलच्या फोटोमुळे. त्यावर तीन वेगवेगळ्या शाईंनी लिहिलेलं, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं होतं. इतकी हाताळलेली डिस्क कोरी कशी असेल?

कोरी डिस्क आतून कशी दिसते ते बाहेरच्यांना ठाऊक असायचं कारण नाही. डिस्कवर ३५ ट्रॅक आणि एकूण ६८३ ब्लॉक असतात, प्रत्येक ब्लॉक २५६ बाइटचा. (अठराव्या ट्रॅकवरचे १९ ब्लॉक डिस्कच्या स्वतःच्या नोंदींसाठी, म्हणून 'फ्री' ६६४.) त्यातल्या पहिल्या दोन बाइटांत 'पुढचा ब्लॉक कुठे' याचा पत्ता, म्हणजे ट्रॅक आणि सेक्टर (त्या ट्रॅकवरचं घर), आणि उरलेल्या २५४ मध्ये मजकूर. फाइल म्हणजे या पत्त्यांची साखळी. १५४१ ने फॉरमॅट केलेल्या पण कधीच न वापरलेल्या ब्लॉकमध्ये पहिला बाइट ७५ असतो आणि मागे एकांची रांग. ७५ वा ट्रॅक डिस्कवर नाहीच, त्यामुळे न वापरलेला ब्लॉक हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, लांबूनच ओळखू येतो. या इमेजमध्ये कडेच्या ट्रॅकांवर ती एकांची रांग शिस्तीत उभी होती. १७ आणि १९ वर मात्र भलतंच काहीतरी भरलेलं.

म्हणजे डिस्क कोरी नव्हती, कोणीतरी कोरी केली होती, तीही घाईत. डिस्क कोरी करणारी 'न्यू' ही कमांड दोन तऱ्हेने देता येते. नावापुढे दोन अक्षरी आयडी दिला तर ड्राइव्ह खडखडत पस्तीसच्या पस्तीस ट्रॅक नव्याने लिहितो. आयडी नाही दिला तर अठराव्या ट्रॅकवरचा जागेचा नकाशा आणि डिरेक्टरीचा, म्हणजे फाइलींच्या यादीचा, पहिला ब्लॉक, एवढंच पुसलं जातं. त्या पहिल्या ब्लॉकमध्ये आठ फाइलींची नावं मावतात. डिरेक्टरीचा दुसरा ब्लॉक तीन घरं पुढे, १८/४ वर (ट्रॅक १८, सेक्टर ४) असतो, आणि त्याला कोणी हात लावत नाही. मी १८/४ उघडला. नववं, दहावं, अकरावं अशी तीन नावं तिथे जशीच्या तशी होती.

हव्या असलेल्या पत्राचं नाव त्यात नव्हतं. ते पहिल्या आठात गेलं असावं.

हवं असलेलं पत्र म्हणजे राजीनाम्याचं. डिस्क देणारे गृहस्थ आता बरेच वयस्कर आहेत. त्यांनी सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की नोकरी सोडताना वरिष्ठांना त्यांनी एक खरमरीत पत्र लिहिलं होतं. घरात सगळ्यांनी त्याबद्दल ऐकलं आहे, पाहिलं कोणीच नाही. 'डिस्कवर जे जे असेल ते सगळं द्या.' या शेवटच्या वाक्याखाली रेघ होती.

अक्षरं शोधणाऱ्या नेहमीच्या कमांडला या इमेजमध्ये पत्रासारखं काहीच सापडलं नव्हतं. त्याचंही कारण आहे. त्या काळी स्पीडस्क्रिप्ट नावाचा वर्ड प्रोसेसर होता. १९८४ च्या जानेवारीत 'कंप्यूट्स गॅझेट' मासिकात तो छापून आला आणि लोकांनी पानंच्या पानं आकडे हाताने टाइप करून तो आपल्या मशिनवर उतरवला. तो मजकूर आस्कीत, म्हणजे संगणकांच्या नेहमीच्या अक्षर-संकेतांत, साठवत नाही, पडद्याच्या अंतर्गत संकेतांत साठवतो. लहान लिपीतला ए म्हणजे १, बी म्हणजे २, झेड म्हणजे २६. हेक्स एडिटर असल्या बाइटांच्या जागी नुसती टिंबं दाखवतो. पण मोकळ्या जागेचा संकेत दोन्हीकडे ३२ च आहे, आणि मोठ्या लिपीतली अक्षरंही दोन्हीकडे सारखीच. त्यामुळे पडद्यावर काय दिसतं? तीन टिंबं, जागा, सात टिंबं, जागा, दोन टिंबं, आणि अधूनमधून एखादं एकटं कॅपिटल अक्षर. टिंबांचे ते गट शब्दांच्या लांबीचे होते आणि कॅपिटल अक्षरं वाक्यांच्या सुरुवातीला होती. एकही अक्षर न वाचता कळलं की हे कोणाचंतरी पत्र आहे. या कामात असे क्षण फार नसतात, म्हणून सांगून टाकलं.

मग दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला. ६८३ ब्लॉकांचे पहिले दोन बाइट वाचायचे, कोण कोणाकडे बोट दाखवतो त्याचा नकाशा काढायचा, आणि ज्यांच्याकडे कोणीच बोट दाखवत नाही ते ब्लॉक वेगळे काढायचे. ती साखळ्यांची डोकी. बाकीच्या फाइलींबद्दल काही सांगण्यासारखं नाही. हिशोब, एक अर्धवट गेम, पत्त्यांची यादी.

पत्रं मात्र दोन निघाली. एक १९/० पासून सुरू होणारं, चार ब्लॉकांचं, अखंड. दुसऱ्याची साखळी १७/१३ पासून सुरू होत होती, पण तो ब्लॉक फाइलीची सुरुवात असणं शक्य नव्हतं. फाइलीच्या पहिल्या ब्लॉकमध्ये मजकुराआधी दोन बाइट मेमरीतल्या पत्त्याचे असतात. इथे ते नव्हते आणि मजकूर शब्दाच्या मध्यातूनच सुरू होत होता. पत्राचं डोकं गेलेलं होतं.

१५४१ फाइल लिहिताना दर वेळी दहा घरं पुढे उडी मारतो. १७/१३ च्या आधी बहुधा १७/३. तिथे पाहिलं तर एका ब्लॉकची छोटीशी टिपणाची फाइल होती, आणि तिचं नाव १८/४ मध्ये अकरावं, म्हणजे शेवटचं. टिपण जेमतेम शंभर बाइटचं. ब्लॉकच्या उरलेल्या जागेत पत्राची सुरुवात शिल्लक असेल अशी मला क्षणभर आशा वाटली. नवशिक्यासारखी. ड्राइव्ह अख्खा ब्लॉक आपल्या बफरमधून, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतून, लिहितो, त्यामुळे शेपटीत जे उरतं ते बफरमधलं शिळं असतं, डिस्कवरचं जुनं नव्हे.

आता दोन्ही पत्रं वाचली. डोकं नसलेलं पत्र गृहस्थांनी सांगितलं होतं तसंच. खरमरीत हा शब्दही सौम्य पडावा असं. १९/० वालं पत्र त्याच प्रसंगाचं, त्याच माणसाला, पण त्यात माफी होती. दोनदा. 'माझ्या वागण्याने त्रास झाला असल्यास' अशा वळणाचं. याहून जास्त सांगणार नाही.

डिस्क काय सांगते ते स्पष्ट आहे. १५४१ आधी १७ वा ट्रॅक भरतो, तो भरला की १९ वर जातो. चिडलेलं पत्र १७ वर, म्हणजे आधीचं. ते लिहिल्यावर १७ भरला, म्हणून माफीचं पत्र १९/० वर गेलं. मग चिडलेलं पत्र पुसलं गेलं, त्याचे ब्लॉक मोकळे झाले, आणि सगळ्यात शेवटच्या टिपणाने त्यातला पहिला बळकावला. माफीच्या पत्राला धक्का लागला नाही, कारण ते तेव्हा चालू फाइल म्हणून नोंदलेलं होतं. हा क्रम मी कोणाही समव्यवसायीपुढे छातीठोकपणे मांडेन.

दोन्ही पत्रं छापून पाठवली. 'सगळं द्या' असं म्हटलं होतं ना. चार दिवसांनी फोन आला.

"मॅडम, ही दोन कशी?"

मी सांगितलं की दोन्ही डिस्कवर होती, एक पुसलेलं होतं.

ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "यातलं शेवटी लिहिलेलं कोणतं?"

मी म्हटलं, "या डिस्कवर फाइलींची तारीख-वेळ नोंदलीच जात नाही."

हे शंभर टक्के खरं आहे. १५४१ च्या डिरेक्टरीत तारखेला जागाच नाही. पण त्यांनी तारीख विचारली नव्हती, क्रम विचारला होता, आणि तो मला ठाऊक होता.

"मग आधी ते मऊ लिहिलं असणार," ते म्हणाले. "आणि मग हे."

मी "हं" म्हटलं.

त्या 'हं'चा विचार अजून डोक्यातून जात नाही. स्वतःला समजावायला माझ्याकडे मुद्दा आहे : शेवटी काय सेव्ह केलं ते डिस्क सांगते, पाकिटात काय घातलं ते नाही. चिडलेलं पत्र छापून, पाठवून, मग कोणी पाहू नये म्हणून पुसलं असेल. माफीचं लिहून तसंच ठेवून दिलं असेल. शक्य आहे. पण हा मुद्दा मला फोन ठेवल्यावर सुचला, आधी नाही. आणि माझ्या अहवालाच्या शेवटच्या पानावर ब्लॉकांचा तक्ता आहे, १७/३ सकट. तो त्यांच्याकडे गेला आहे. असले तक्ते कोणी वाचत नाही, या भरवशावर मी आहे.

फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, "सुरुवात नाही मिळणार?" मी नाही म्हटलं. "मला पाठ आहे," म्हणाले, आणि म्हणायलाच लागले. सलग, न अडखळता, थेट त्या तुटलेल्या शब्दापर्यंत. छापील प्रत समोर होती, त्यामुळे सांधा जुळला याला पुरावा म्हणून किंमत नाही. मी सवयीने टाइप करत गेले आणि नंतर अक्षरं मोजली. पहिल्या ब्लॉकमध्ये मेमरीच्या पत्त्याचे दोन बाइट सोडले तर मजकुराला २५२ बाइट मिळतात. हा आकडा त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

२४७ भरली. स्पीडस्क्रिप्टमध्ये समासाच्या नि परिच्छेदाच्या खुणाही एकेक बाइट खातात, म्हणजे उरलेली पाच कुठे गेली ते सांगता येतं. योगायोगही सांगता येतो.

नोंदवहीतला 'रिकामी' मी खोडला. त्या २४७ अक्षरांची फाइल माझ्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आहे. इमेजमधून ती निघालेली नाही, त्यामुळे अहवालात तिला जागा नाही.