धोडप ते सप्तशृंग, सोंडेसोंडेनं

शनिवार रात्र, धोडपची माची

नाशिक जिल्ह्यातल्या सातमाळा डोंगररांगेत धोडप किल्ल्याच्या पायथ्याशी हट्टी गाव आहे. तिथून निघालो तेव्हा शेतांत उन्हाळ कांद्याची लागण चालू होती. वाफ्यात ओणवलेल्या एका आजींनी मान वर न करताच विचारलं, "धोडप्यावर का?" हो म्हटलं. मग सांगितलं, उद्या सोंडेनं, म्हणजे डोंगराच्या धारेधारेनं रवळ्या-जावळ्या, तिथून मार्कंड्या, शेवटी सप्तशृंगी, सगळं पायीच. तेव्हा कुठे आजींनी मान वर केली. "अरे बाबा, गडावर जायला एस्टी आहे ना!"

यावर आम्हा तिघांपैकी कुणालाच उत्तर सुचलं नाही.

संध्याकाळी गुहेपलीकडच्या भिंतीवर बराच वेळ काढला. धोडप लांबून ओळखू येतो तो या भिंतीमुळे आणि तिला पडलेल्या खाचेमुळे. लाव्हा जमिनीच्या भेगेत शिरून तिथेच घट्ट झाला, आजूबाजूचा खडक लाखो वर्षं झिजत गेला आणि ही उभी कातळपट्टी तेवढी उरली. खाचेपाशी दगडावर हात टेकला तर ऊन उतरल्यावरही तो कोमट होता आणि वारा मात्र टोपी उडवत होता. याच गडापाशी १७६८ साली थोरल्या माधवरावांनी राघोबादादांचा पराभव केला. पूर्वेला कांचना किल्ला दिसतो. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, १६७० मध्ये, त्याच्याच बारीत, म्हणजे खिंडीत, शिवाजी महाराजांची मोगलांशी गाठ पडली होती. तो भाग या खेपेला सोडलाय. पूर्वेचे सगळे किल्ले घ्यायचे तर सुट्टी कुणी देत नाही.

रविवार, रवळ्या-जावळ्याच्या पठारावर

आजचा दिवस सोंडेचा. नकाशावर हे अंतर बोटभर दिसतं, पण सातमाळा सरळ चालू देत नाही. जरा उंची हाती लागली की पुढे खिंड, खिंडीत सगळी उंची सोडून द्यायची आणि पलीकडे पुन्हा पहिल्यापासून चढायचं. माथे मोजणाऱ्यांना ही चाल कधीच हिशेबात धरता येत नाही. मला तर आज माथ्यांपेक्षा खिंडीच जास्त आवडल्या. सावली तिथे, वारा तिथे, दोन्हीकडच्या गावांच्या वाटा तिथेच मिळतात आणि माणूस भेटलाच तर तिथेच.

एक गुराखी बाबा भेटले. "कुठून आले तुम्ही?" धोडपवरून म्हटल्यावर त्यांनी आधी आमच्या बाटल्या पाहिल्या. "पानी हाय का? मंग वरूनच चाला, खाली नका उतरू. खाली वाट बरी दिसती, पर ती शेतात जाती." त्यांचं ऐकलं आणि कारवीत घुसायची वेळ आली नाही.

एका अरुंद जागी बसून बाटली उघडताना थोडं पाणी सांडलं. पश्चिमेकडे तोंड केलं तर इथे डाव्या हाताचं पाणी गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला जातं, उजव्या हाताचं गिरणेतून तापीला आणि मग अरबी समुद्राला. आमचं सांडलेलं मात्र तिथल्या तिथे मातीत जिरलं.

जावळ्यावर कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत. १८१८ नंतर इंग्रजांनी या पट्ट्यातल्या गडांच्या वाटा तोडल्या, त्याच्या खुणा चढताना पायाला कळतात. रवळ्या उद्या पहाटे, गुडघ्यांनी परवानगी दिली तर.

सोमवार, सप्तशृंगगड

गुडघ्यांनी परवानगी दिली. रवळ्या झाला, मुळाणे बारीत उतरून डांबरी रस्ता ओलांडला (कळवणची एस्टी समोरून गेली, आजींची आठवण झाली) आणि समोरचा मार्कंड्या चढलो. सोमवती अमावास्येला इथे जत्रा भरते. आज आमच्याशिवाय माकडंच होती आणि त्यांनी आमच्या गुळाच्या ढेपेचा अर्धा भाग नेला.

मार्कंडेय ऋषी या डोंगरावर बसून देवीचं माहात्म्य सांगत आणि समोरच्या कड्यातली देवी मान कलती करून ऐके, अशी कथा आहे. घरातल्या फोटोत ती कललेली मान लहानपणापासून पाहिलेली. पण मार्कंड्यावर उभं राहून समोरचा कडा पाहिला, मधली दरी पाहिली आणि मग ती उतरून पलीकडे चढलो तेव्हा एवढ्या अंतरावरून ऐकायचं तर मान कलती करावीच लागेल हे पटलं.

गडावर पोचलो तर सोमवार असूनही गर्दी. २०१८ पासून इथे फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. आम्ही दोघं पायऱ्यांनी गेलो. तिसरा गडी म्हणाला, "मी तत्त्वाचा माणूस नाही," आणि तिकिटाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. दर्शन आमच्या आधी त्याचंच झालं. वरच्या शिखराकडे बोट दाखवून तो म्हणाला, "तेवढा एक माथा राहिला." तिथे कुणीही जात नाही. वर्षातून ठरावीक वेळी दरेगावच्या मानकऱ्यांनी रात्रीतून चढून निशाण लावायचं अशी रीत आहे आणि ती वाट त्यांनाच ठाऊक.

आता कांचना, कोळधेर, राजधेर, इंद्राई ते चांदवड एवढं उरलं. टाक्यांत पाणी आहे तोवर, म्हणजे फार तर फेब्रुवारीपर्यंत, उरकायला हवं. रजेचा अर्ज उद्याच टाकतो.